अफनासी निकितीन

अफनासी निकितीन हा पंधराव्या शतकातील रशियन व्यापारी व प्रवासी होता. व्होल्गा नदीवरील त्वेर या शहरातून निघून तो इराणमार्गे भारतात आला आणि बहमनी राज्यात सुमारे तीन वर्षे राहिला. या प्रवासाची त्याने लिहून ठेवलेली हकीकत 'तीन समुद्रांपलीकडील प्रवास' (मूळ नाव 'खोझेनिये झा त्री मोर्या') या नावाने ओळखली जाते. कॅस्पियन समुद्र, अरबी समुद्र आणि काळा समुद्र हे ते तीन समुद्र होत. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकत येथे पोहोचला. निकितीन त्याच्या सुमारे पाव शतक आधी दख्खनमध्ये वावरत होता. चौल, जुन्नर आणि दाभोळ या ठिकाणांचे उल्लेख असल्याने महाराष्ट्राच्या मध्ययुगीन इतिहासासाठी ही हकीकत महत्त्वाची आहे.

काळ

प्रवासाचा काळ पूर्वापार १४६६ ते १४७२ असा मानला जातो. लिओनिद सेम्योनोव या रशियन अभ्यासकाने हकीकतीतील सणांच्या व घटनांच्या उल्लेखांवरून तो १४६८ ते १४७५ च्या दरम्यानचा ठरवला आहे. प्रवासात आपल्या धर्माची पुस्तके लुटली गेल्यामुळे ईस्टरसारख्या सणांच्या तिथी निश्चित करता येत नाहीत, असे निकितीन स्वतःच लिहितो.

भारताकडे प्रयाण

निकितीन भारताच्या शोधात निघाला नव्हता. कॅस्पियनच्या पश्चिम किनाऱ्यावरील शिरवान राज्यात व्यापार करण्याचा त्याचा बेत होता. शिरवानचा वकील हसन बेग हा मॉस्कोहून ९० ससाणे घेऊन परतत होता. त्याच्या सोबतीने व्यापाऱ्यांची गलबते व्होल्गेतून खाली निघाली. अस्त्राखानजवळ तातारांनी त्यांना लुटले. पुढे वादळात एक गलबत किनाऱ्याला लागून फुटले व त्यातील लोक पकडले गेले. शिरवानच्या शाहाने त्यांची सुटका करविली. परंतु मायदेशी परतण्यासाठी आर्थिक मदत दिली नाही. ज्यांची रशियात काही मालमत्ता होती ते परतले. ज्यांच्यावर कर्ज होते त्यांना परतणे शक्य नव्हते. निकितीन दरबंद व बाकूमार्गे इराणात गेला आणि सारी, रे, काशान, यझ्द, लार असा प्रवास करीत होर्मुझ बंदरात पोहोचला.

घोड्यांचा व्यापार

दख्खनच्या हवामानात युद्धोपयोगी उत्तम घोड्यांची पैदास होत नसे. बहमनी व विजयनगर ही दोन्ही प्रतिस्पर्धी राज्ये अरबस्तान व इराणातून येणाऱ्या घोड्यांवर अवलंबून होती, आणि हे घोडे पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत उतरत. बहमनी वजीर महमूद गावान हा स्वतः इराणच्या गिलान प्रांतातून व्यापारी म्हणून आला होता. 'मलिक-उत्-तुज्जार', म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा, हा त्याचा किताब होता. त्याने १४७२ मध्ये गोवा जिंकून विजयनगरचे एक महत्त्वाचे बंदर तोडले. या मागणीचा लाभ घेण्यासाठी निकितीनने एक घोडा खरेदी केला व तो गलबतातून भारतात आणला. जुन्नरपर्यंत पोहोचेतो त्यावर आपले १०० रूबल खर्च झाले, अशी त्याची नोंद आहे.

चौल व जुन्नर

मस्कत, गुजरात व खंबायत या मार्गाने निकितीन चौल येथे उतरला. येथील लोक उघड्या डोक्याने व उघड्या अंगाने वावरतात, केसांची एक वेणी घालतात आणि गोऱ्या परदेशी माणसाकडे कुतूहलाने पाहत त्याच्या मागून चालतात, असे तो लिहितो. चौलहून पाली व उमरीमार्गे तो जुन्नरला गेला आणि पावसाळ्यात तेथे राहिला. चार महिने सर्वत्र पाणी व चिखल असतो आणि याच दिवसांत लोक नांगरणी व पेरणी करतात, हे त्याला नवल वाटले. घोड्यांना हरभरे व साखर घालून शिजवलेली खिचडी देतात, अशी त्याची नोंद आहे. जुन्नर खडकावर वसलेले असून वर जाणारी वाट इतकी अरुंद आहे की दोन माणसे शेजारून जाऊ शकत नाहीत, हे त्याचे वर्णन शहरापेक्षा लगतच्या डोंगरी किल्ल्याला अधिक लागू पडते.

जुन्नरचा सुभेदार असद खान याने निकितीन मुसलमान नसल्याचे कळताच त्याचा घोडा जप्त केला. धर्मांतर केल्यास घोडा परत व वर एक हजार सुवर्णनाणी मिळतील. न केल्यास घोडा जाईल आणि हजार नाणी दंड भरावा लागेल, असे सांगून त्याने चार दिवसांची मुदत दिली. मुदत संपत आली असता मुहम्मद नावाच्या एका खुरासानी गृहस्थाने खानाकडे रदबदली करून घोडा सोडविला. जो रशियन भारतात जाऊ इच्छितो त्याने आपला धर्म मायदेशी ठेवूनच निघावे, अशा आशयाचा कडवट सल्ला निकितीनने या प्रसंगानंतर दिला आहे.

बीदर व दख्खनचे वर्णन

बहमनींची राजधानी बीदर येथे निकितीनने घोडा विकला. सुलतान तिसरा मुहम्मदशाह त्या वेळी तरुण होता व कारभार अमीर-उमरावांच्या हाती होता. सुलतानाच्या मिरवणुकीतील चिलखत घातलेल्या ३०० हत्तींचे त्याने तपशीलवार वर्णन केले आहे. उमराव चांदीच्या पालख्यांतून मिरवतात आणि खेड्यांतील लोक मात्र अत्यंत दरिद्री आहेत, ही विषमता त्याच्या नजरेतून सुटली नाही. आळंद येथील वार्षिक जत्रेत विक्रीसाठी २०,००० घोडे येतात, असे तो म्हणतो.

मुसलमानांत तो खोजा युसुफ खुरासानी या नावाने राहत असे. हिंदूंना मात्र त्याने आपण ख्रिस्ती असल्याचे सांगितले. त्यानंतर त्यांनी आपले खाणेपिणे, व्यापार व उपासना त्याच्यापासून लपविली नाही. त्यांच्याबरोबर तो शिवरात्रीच्या यात्रेला श्रीशैलपर्वतावर गेला. तेथील शिल्पांचे व भव्य नंदीचे वर्णन करून त्याने या क्षेत्राची तुलना जेरुसलेम व मक्केशी केली. निरनिराळ्या जाती एकमेकांबरोबर जेवत नाहीत, हेही त्याने नोंदविले आहे.

व्यापाराच्या दृष्टीने तो निराश झाला. मिरी व रंग स्वस्त होते. परंतु रशियात नेण्याजोगा माल फारसा नव्हता, जकात जबर होती आणि समुद्रात चाच्यांचा उपद्रव होता.

परतीचा प्रवास व मृत्यू

निकितीन दाभोळहून परत निघाला. इजिप्त, अरबस्तान, खुरासान येथून या बंदरात घोडे येतात, असे तो सांगतो. वाऱ्याने गलबत आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे नेले. तेथील लोकांना तांदूळ, मिरी व भाकरी देऊन प्रवाशांनी सुटका करून घेतली. मस्कत, होर्मुझ, शिराझ, तब्रिझ असा प्रवास करून तो त्राब्झोन येथे आला. तेथे हेर असल्याच्या संशयाने त्याच्या सामानाची झडती घेऊन चीजवस्तू लुटण्यात आल्या. काळा समुद्र ओलांडून तो क्रिमियातील कफा बंदरात पोहोचला. मात्र मायदेशी जाताना स्मोलेन्स्कच्या अलीकडेच त्याचे निधन झाले.

हस्तलिखित व मूल्यमापन

व्यापाऱ्यांनी त्याची टिपणे मॉस्कोच्या ग्रँड ड्यूकचा सचिव वासिली मामिरेव याच्याकडे पोहोचविली. ती रशियन बखरींत १४७५ च्या नोंदींत समाविष्ट झाली. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी इतिहासकार निकोलाय करमझिन यांनी ती पुन्हा उजेडात आणली.

निकितीन हा भारतात आलेला पहिला युरोपीय नव्हे. व्हेनिसचा निकोलो दे कोंती त्याच्या आधी येऊन गेला होता. कालिकत, श्रीलंका, पेगू यांविषयीची त्याची माहिती ऐकीव आहे. तोंडातून अग्नी ओकणारा पक्षी व सैन्य बाळगणारा वानरराजा अशा दंतकथाही त्याने नोंदविल्या आहेत. सैन्यसंख्येचे त्याचे आकडे जपूनच वापरावे लागतात. तथापि किमती, बंदरे, जकात, अन्न व लोकांचे वर्तन यांविषयीची त्याची निरीक्षणे प्रत्यक्ष अनुभवावर आधारलेली आहेत. तो दरबारी इतिहासकार, राजदूत वा धर्मप्रचारक नव्हता. त्यामुळे फारसी तवारिखांत न आढळणारे सामान्य जीवन त्याच्या लेखनात आढळते.

रशियन भाषेत मधूनमधून तुर्की, फारसी व अरबी मजकूर येतो. शेवटची प्रार्थनाही याच मिश्र भाषेत आहे. त्यामुळे त्याने गुप्तपणे इस्लाम स्वीकारला होता का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. खरा धर्म कोणता हे ईश्वरच जाणतो, असे तो एके ठिकाणी म्हणतो. मायदेशातील सरदारांच्या अन्यायाविषयीचे परखड उद्गारही त्याने तुर्की भाषेतच लिहिले आहेत.

स्मारके

त्वेर येथे व्होल्गेच्या काठी १९५५ मध्ये निकितीनचा पुतळा उभारण्यात आला. ख्वाजा अहमद अब्बास व वासिली प्रोनिन यांनी दिग्दर्शित केलेला 'परदेसी' (१९५७) हा भारत-सोव्हिएत चित्रपट त्याच्या प्रवासावर आधारित आहे. चौललगतच्या रेवदंडा येथेही त्याचे स्मारक आहे.