‘ठाण्याला न्यावं लागेल का?’

पेशंटला बाहेर बसवून नातेवाईक दबक्या आवाजात हा प्रश्न विचारतात. ‘ठाणे’ म्हणजे इथे शहर नव्हे, हे तुम्हालाही कळलं असेल. पुण्याकडे हाच प्रश्न येरवड्याच्या नावाने येतो. ही भीती समजून घ्यायची तर जरा मागे जायला हवं.

ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ साली सुरू झालं. त्याआधी मुंबईचे मनोरुग्ण कुलाब्याच्या असायलममध्ये ठेवत. तिथे गर्दी फार. नागपूर आणि रत्नागिरीची रुग्णालयं ठाण्याहून जुनी. तेव्हा त्यांना ‘लुनॅटिक असायलम’ म्हणत. ‘मेंटल हॉस्पिटल’ हे नाव १९२० नंतर रुळलं.

आता १९१२ चा कायदा बघा. त्यात रुग्णाला दाखल करायचं तर बहुतेक वेळा मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे. रस्त्यावर भटकणाऱ्याला पोलीस आणत. म्हणजे आजार मनाचा, पण वाट कोर्टातून आणि पोलिसांच्या गाडीतून! वर उंच भिंती. लोकांनी त्याला तुरुंग समजलं, यात लोकांचं काय चुकलं?

आणि आत उपचार तरी काय होते? शांत ठेवणारी औषधं, काम, कोंडून ठेवणं. डॉक्टरांकडेच फारसं काही नव्हतं. विजेचा झटका देण्याची पद्धत रोममध्ये १९३८ साली सुरू झाली. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनचा उपयोग दिसून आला आणि चित्र पालटलं. भास आणि संशय गोळीने कमी होऊ लागले. जन्मभर आत राहण्याची गरज बऱ्याच जणांना उरली नाही.

गरज उरली नाही, पण माणसं राहिली. बरे झालेले, घरी जाऊ शकणारे, फक्त न्यायला कुणी येत नाही असे रुग्ण आजही मनोरुग्णालयांत आहेत. काही घरचे दाखल करतानाच चुकीचा पत्ता देतात. याला कुठली गोळी लिहून देणार?

१९१२ चा कायदा थेट १९९३ पर्यंत चालला. सध्याचा २०१७ चा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार तुम्ही स्वतः सही करून दाखल होऊ शकता आणि घरी जायचंय असं सांगू शकता. क्वचित प्रसंगी तपासणीसाठी डॉक्टर २४ तास थांबवू शकतात. भूल न देता झटके देणं आणि साखळीने बांधणं यांना बंदी आहे. तुमच्या वतीने निर्णयात मदत करणारी व्यक्ती तुम्ही आधीच नेमू शकता. आरोग्य विम्यातही मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं आहे.

नातेवाइकांना मी आणखी एक सांगतो. ठाण्याला बाह्यरुग्ण विभागही आहे. तिथे दाखवून, गोळ्या घेऊन माणसं त्याच दिवशी घरी परततात.