‘पाव’ या शब्दाचीं चार कुळें

ज्युबिलीच्या भोजनाचा हिशेब तपाशीत असतां वहींत पुढील ओळ आढळली : ‘पाव : पाव भाग रक्कम दिली, पावती मिळाली.’ आम्ही हसलों, आणि मग थांबलों. एकाच ओळींत तींच दोन अक्षरें तीन वेळां आलीं होतीं, आणि तिन्ही ठिकाणीं त्यांचें घराणें निराळें!

चौथा हिस्सा या अर्थाचा ‘पाव’ संस्कृत ‘पाद’ याचा वंशज होय. चतुष्पाद जनावराचा एक पाय तो चौथा भाग, या कल्पनेनें पाद म्हणजे चतुर्थांश झाला. प्राकृतांत मधला ‘द’ गळाला व ‘पाव’ राहिला. ‘सव्वा’ म्हणजे सपाद, ‘पाऊण’ म्हणजे पादोन; रुपयाचे आणे होत असत तेव्हां चार आण्यांच्या नाण्यास पावली म्हणत, तीहि याच घरची. ‘पावती’चें मूळ मात्र ‘प्र’ आणि ‘आप्’, म्हणजे प्राप्त होणें, हें आहे. नवसाला देव पावतो तें हेंच पावणें.

आतां खाण्याचा पाव. हा समुद्रमार्गें आला. लॅटिन ‘पानिस’ म्हणजे भाकर. त्याचें पोर्तुगीज रूप नाकांत उच्चारलें जाणारें ‘पांव’. गोव्यांत 1510 ते 1961 व वसईंत 1534 ते 1739 पोर्तुगीजांचा अंमल होता. त्यांच्याबरोबर हा शब्द आपल्या तोंडीं बसला, आणि मराठींत त्याचा अनुनासिक गळून गेला. जपानांतहि 1543 नंतर पोर्तुगीजांनींच हा शब्द नेला. तेथें पावास ‘पान’ म्हणतात. ज्या कंपनीनें मुंबईवर राज्य केलें तिच्या नांवांतहि हाच पानिस दडला आहे. एकत्र भाकर खाणारे ते सोबती, असा त्याचा मूळ अर्थ. कंपनीच्या वागणुकीवरून तो कोणाच्या ध्यानीं आला नसता! चौथा पोर्तुगीजांचाच ‘पाव’ म्हणजे लांकूड. ब्राझील देशास नांव देणारें तें तांबडें लांकूड ‘पाव-ब्राझील’. मूळ लॅटिन शब्द ‘पालुस’, खुंटा. भाकरीशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.

पीठ पायांनीं तुडवितात म्हणून पाव, अथवा लादीचा चौथा तुकडा म्हणून पाव, असें पुष्कळ जण सांगतात. ऐकण्यास गोड, पण खोटें. लिस्बनच्या भटारखान्यांत मराठी पाय कोठून जाणार?

परंतु या शब्दानें केवळ पंडितांस चकविलें असतें तर आम्ही तो येथें आणला नसता. पोर्तुगीजांनीं विहिरींत पाव टाकला, गांवानें तें पाणी प्यालें आणि गांव बाटला, अशी कथा उत्तर कोंकणांत पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. प्रत्येक गांवीं असें घडलें असें आम्ही म्हणणार नाहीं. मात्र पाव खाल्ला कीं जात गेली, ही समजूत खरीच होती. पुण्यास पंचहौद मिशनांत 1890 सालीं चहाबिस्किटांवरून ग्रामण्य माजलें, आणि रानडे व टिळक यांच्यासारख्यांनाहि प्रायश्चित्त चुकलें नाहीं. मग खेड्यांतल्या गरिबाची काय कथा?

आश्चर्य असें कीं, आमच्या लॅटिन विधीच्या वेदीवर हा फुगलेला पाव नसतोच. तेथें बेखमीर भाकर लागते. प्रभूच्या प्रार्थनेंत लॅटिन ‘पानेम’ असतां मराठी करणारांनीं ‘पाव’ न घेतां ‘भाकर’ घेतली. पोर्तुगीज शब्द तोंडपाठ असतांहि त्यांनीं घरच्या चुलीकडे पाहिलें, हें आम्हांस योग्य वाटतें. आज त्याच वसईंत स्टेशनाबाहेर वड्याबरोबर पाव विकला जातो, आणि सर्व जातींचे लोक तो गाडी येण्यापूर्वीं उभ्या उभ्या खातात.