मोहाचे फूल गुन्हेगार कधी ठरले?

१/६ मोहाची दारू म्हटले की आज आधी पोलिसांचा छापा आठवतो. या फुलाच्या मागे कायदा लागला, त्याला दीडशे वर्षेही झालेली नाहीत.

२/६ अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुका सह्याद्रीला टेकलेला. येथील महादेव कोळी, ठाकर समाजांना मोह परिचित. उन्हाळ्याच्या तोंडी पहाटे गळणारी गोड, मांसल फुले वेचून वाळवायची. टंचाईत तीच अन्न. भिजवून आंबवली आणि भट्टीवर गाळली, की सणासमारंभाचे मद्य.

३/६ १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणे व विकणे परवान्याखाली आणले. अबकारी हे सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन होते. घरची भट्टी म्हणजे बुडालेला महसूल.

४/६ १८९२ च्या मोहविषयक कायद्याने पुढची पायरी गाठली. घाटाखालच्या ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत खुद्द फुलांवरच निर्बंध आले. दारू रोखताना गरिबाच्या अन्नावरही टाच आली.

५/६ स्वातंत्र्यानंतर हेतू बदलला, महसुलाची जागा दारूबंदीने घेतली. तरी १९४९ च्या कायद्यातही मोहफुलांवर नियंत्रण राहिलेच. राज्य शासनाने ते २०२१ मध्ये शिथिल केले.

६/६ शेजारच्या गोव्यात काजूच्या बोंडांचा रस असाच आंबवून गाळतात. त्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कृती जवळजवळ सारखीच. एकीला वारशाचा मान, दुसरीच्या वाट्याला छापा. हा भेद चवीने केलेला नाही, कायद्याने केला आहे.