उपाशी माणसाची साखर

एप्रिल १९१२मध्ये माल्टाचे वकील अगोस्तिनो लेव्हँझिन बोस्टनच्या कार्नेगी पोषण प्रयोगशाळेत दाखल झाले आणि ३१ दिवस निव्वळ ऊर्ध्वपातित पाण्यावर राहिले. रात्री ते उष्णता मोजणाऱ्या बंद पेटीत झोपत. प्रयोगशाळेचे प्रमुख फ्रान्सिस बेनेडिक्ट यांनी त्यांचा श्वास, नाडी, लघवी सारे मोजून ठेवले. वजन सुमारे ६० किलोंवरून ४७वर आले.

युरोपात तोवर उपोषण हा तिकीट लावून दाखवायचा खेळही होता. इटलीचा जोव्हान्नी सुच्ची त्यात नामांकित. लुइजी लुचियानींनी त्याच्याच ३० दिवसांच्या उपोषणाचा फ्लॉरेन्समध्ये अभ्यास केला होता. (आपली एकादशी या हिशेबात धरता येत नाही, साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च.)

खरे कोडे साखरेचे होते. आहारात साखर नसली तरी यकृत ती रक्तात सोडते, हे क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच दाखवले होते. पण यकृतातला साठा जेमतेम शंभर ग्रॅमांचा, दीड-दोन दिवसांत सरणारा. स्नायूंतला साठा स्नायूंपुरताच. तो साखर होऊन रक्तात उतरत नाही. मेंदूला मात्र रोज शंभरेक ग्रॅम ग्लुकोज लागते. ते प्रथिनांतून काढायचे तर रोज पावणेदोनशे ग्रॅम प्रथिने, म्हणजे किलोच्या आसपास स्नायू खर्ची पडायला हवेत. असा माणूस महिना कसा काढील?

बेनेडिक्टच्या तक्त्यांत उलटेच दिसते. लघवीतला नायट्रोजन चौथ्या दिवशी १२ ग्रॅमच्या जवळ होता, तो अखेरीस सुमारे सातवर उतरला. सात ग्रॅम नायट्रोजन म्हणजे ४४ ग्रॅम प्रथिने. त्यातून निघणाऱ्या साखरेत चरबीतल्या ग्लिसरॉलची भर घातली, तरी मेंदूची निम्मी गरजही भागत नाही. उत्तर त्या आकड्यांत दडलेले होते, पण ते वाचायला अर्धशतक लागले.

१९६७मध्ये बोस्टनमध्येच ऑलिव्हर ओवेन, जॉर्ज केहिल आणि सहकाऱ्यांनी पाच-सहा आठवडे उपाशी असलेल्या तीन लठ्ठ व्यक्तींच्या मेंदूकडे जाणारे आणि तिथून परतणारे रक्त तपासले. त्यासाठी मानेतल्या शिरेत नळी सरकवावी लागली. आज एखादी नीतिसमिती याला सहज परवानगी देईल असे वाटत नाही. मेंदूचे मुख्य इंधन तेव्हा ग्लुकोज नव्हतेच. यकृताने चरबीपासून केलेली कीटोन द्रव्ये तो जाळत होता, आणि त्यामुळेच स्नायू वाचत होते.

म्हणून निरोगी प्रौढाची रक्तशर्करा उपवासात शून्याकडे घसरत जात नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत ती नव्वदीच्या घरातून साठ-सत्तर मिलिग्रॅमपर्यंत (दर १०० मिलिलिटरला) उतरते आणि तिथेच रेंगाळते. इन्शुलिन घटते, ग्लुकागॉन वाढते, आणि एरवी गौण असलेले मूत्रपिंड साखर घडवण्यात मोठा वाटा उचलू लागते. मधुमेहावर औषध घेणाऱ्याला हा हिशेब लागू नाही. यकृत साखर सोडत असताना त्याची गोळी किंवा इंजेक्शन ती खाली ओढतच राहते.