सर्वसमावेशक सुटी आणि क्रीडाप्रवास

निवास, भोजन, करमणूक व मुलांची देखभाल यांचा खर्च एकाच ठराविक रकमेत आगाऊ घेऊन एकाच आवारात कुटुंबाची सुटी पार पाडण्याच्या व्यवस्थेस सर्वसमावेशक सुटी म्हणतात. सामने किंवा क्रीडामहोत्सव प्रेक्षक म्हणून पाहण्यासाठी केलेला प्रवास तो क्रीडाप्रवास होय. पहिल्या प्रकारात प्रवासी एके ठिकाणी स्थिरावतो, तर दुसऱ्या प्रकारात तो सामन्याच्या तारखेप्रमाणे गावोगाव जातो. वरवर भिन्न दिसणाऱ्या या दोन्ही प्रकारांचा उगम एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनच्या औद्योगिक समाजात आढळतो. स्वस्त भाडे, नियमित सुटी आणि खर्चाचा निश्चित अंदाज या तीन गोष्टी उपलब्ध झाल्यावरच अल्प उत्पन्नाच्या लोकांना प्रवास शक्य झाला. म्हणून या दोहोंचा इतिहास हा एका अर्थी फुरसतीच्या वाटणीचा इतिहास आहे.

पार्श्वभूमी : टॉमस कुक (१८०८–९२) या मद्यपानविरोधी कार्यकर्त्याने ५ जुलै १८४१ रोजी लेस्टर येथून लफबरो येथील सभेसाठी खास आगगाडी नेली. सु. ५०० प्रवाशांकडून त्याने प्रत्येकी एक शिलिंग घेतला. १८५१ च्या लंडन येथील जागतिक प्रदर्शनास त्याने सु. दीड लाख लोक नेले. अनेकांचा प्रवास एकत्र ठरविल्यास दरडोई खर्च कमी होतो, हे तत्त्व यातून रूढ झाले. १८५० च्या कारखाना कायद्यान्वये कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचे काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबू लागले आणि पुढे शनिवारच्या अर्ध्या सुटीची प्रथा इतर उद्योगांतही पसरली. १८७१ मध्ये बँक-सुट्यांचा कायदा झाला. लँकाशरमधील गिरणीगावांत वार्षिक जत्रेच्या आठवड्यात (वेक्स वीक) गिरण्या बंद राहत. या आठवड्याचे वेतन मिळत नसल्याने कामगार वर्षभर बचतमंडळात पैसे साठवीत आणि ते ब्लॅकपूलसारख्या समुद्रकाठच्या गावी खर्च करीत.

क्रीडाप्रवास : शनिवारची दुपार मोकळी झाल्याने फुटबॉलचा सामना पाहणे कामगारांना शक्य झाले. फुटबॉल असोसिएशनच्या चषकस्पर्धेस १८७१-७२ च्या हंगामात प्रारंभ झाला. १८८३ च्या अंतिम सामन्यात लँकाशरच्या ब्लॅकबर्न ऑलिंपिक या कामगारप्रधान संघाने ईटन विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघास लंडन येथे हरविले. तेव्हापासून उत्तरेकडील औद्योगिक शहरांतून अंतिम सामन्यासाठी लंडनला जाणे ही कामगारांची वार्षिक सहल बनली. सामन्याबरोबरच राजधानी पाहून होई आणि रात्रीच्या गाडीने परतता येई.

या प्रवासाचे भाड्यावरील अवलंबन १९०१ मध्ये स्पष्टपणे दिसून आले. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावरील टॉटनम हॉटस्पर व शेफील्ड युनायटेड यांच्यातील अंतिम सामन्यास १ लाख १० हजारांहून अधिक प्रेक्षक होते. सामना २–२ असा बरोबरीत सुटल्याने तो आठवड्याने बोल्टन येथे पुन्हा खेळविण्यात आला. बोल्टन स्थानकाच्या पुनर्बांधणीचे काम चालू असल्याने रेल्वे कंपनीने सवलतीची तिकिटे देण्याचे नाकारले. परिणामी प्रेक्षकांची संख्या सु. २० हजारांवर आली. स्थानिक विक्रेत्यांनी मोठ्या गर्दीच्या अपेक्षेने तयार केलेले मांसाचे पाय (भरलेले खाद्यपदार्थ) विकले न गेल्याने तो दिवस ‘पाय शनिवार’ म्हणून गावाच्या स्मरणात राहिला. संघ तेच, चषक तोच. बदलले होते ते प्रामुख्याने स्थळ आणि भाडे.

सुटी-छावण्या : समुद्रकाठच्या स्वस्त खाणावळींत कुटुंबाची सुटी सुखाची होत असेच असे नाही. अनेक ठिकाणी गरम पाणी, मीठ-मिरपुडीची भांडी यांचाही वेगळा आकार लागे. दोन जेवणांच्या मधल्या वेळात, पाऊस असला तरी, पाहुण्यांनी बाहेर राहावे असा दंडक असे. या अडचणीतून छावणीची कल्पना पुढे आली. जोसेफ कनिंगहॅम याने १८९४ मध्ये आइल ऑफ मॅन बेटावर केवळ तरुण पुरुषांसाठी तंबूंची छावणी उभारली. तेथे मद्यास बंदी होती. १९०६ मध्ये जॉन फ्लेचर डॉड या समाजवादी गृहस्थाने नॉरफॉक परगण्यातील कॅस्टर येथे अशीच छावणी सुरू केली.

कुटुंबांसाठी मोठ्या प्रमाणावर छावणी उभारण्याचे श्रेय बिली बटलिन (१८९९–१९८०) याला दिले जाते. त्याची पहिली छावणी स्केगनेस येथे ११ एप्रिल १९३६ रोजी सुरू झाली. हंगामानुसार आठवड्याला ३५ शिलिंग ते ३ पौंड एवढ्या आकारात लाकडी खोली, भोजन व करमणूक मिळे. आठवड्याच्या पगारात आठवड्याची सुटी, हे त्याच्या जाहिरातीचे सूत्र होते. लाल कोट घातलेले सेवक पाहुण्यांना खेळ व स्पर्धा यांत सामील करून घेत, तर रात्री निजलेल्या मुलांवर लक्ष ठेवण्यासाठी गस्त घालण्यात येई. गृहिणीला स्वयंपाक व मुले यांतून काही काळ मोकळीक मिळाली, हा या व्यवस्थेचा एक महत्त्वाचा सामाजिक परिणाम होय. उलटपक्षी ध्वनिक्षेपकावरील सूचना आणि ठरावीक वेळापत्रक यांमुळे छावणीतील जीवन कारखान्यासारखेच शिस्तबद्ध असल्याची टीकाही झाली.

भरपगारी रजा : रजेच्या काळात वेतन मिळत नसेल, तर स्वस्त सुटीही महागच पडते. १९३६ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्या वर्षी फ्रान्समध्ये कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली आणि लेओ लाग्रांज याच्या प्रयत्नाने वार्षिक रजेसाठी रेल्वेभाड्यात ४० टक्के सवलत देण्यात आली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने या विषयावर संकेत संमत केला. ब्रिटनमध्ये भरपगारी सुट्यांचा कायदा १९३८ मध्ये झाला. जर्मनीतील नाझी राजवटीने मात्र याच आकांक्षेचा प्रचारासाठी उपयोग केला. बाल्टिक किनाऱ्यावरील प्रोरा येथे २० हजार लोकांसाठी प्रचंड सुटी-वसाहतीचे बांधकाम १९३६ मध्ये सुरू झाले. युद्धामुळे ते अपुरे राहिले.

भूमध्य समुद्र ते कॅरिबियन : व्ह्लादिमिर राइट्स याने १९५० मध्ये ब्रिटिश प्रवाशांना भाड्याच्या विमानाने कॉर्सिका बेटावर नेले. विमानप्रवास, तंबूतील निवास व भोजन धरून दोन आठवड्यांसाठी ३२ पौंड १० शिलिंग आकार होता. त्याच वर्षी जेरार ब्लित्स (१९१२–९०) या बेल्जियन वॉटरपोलो खेळाडूने क्लब मेदितेराने ही संस्था स्थापन केली. तिचे पहिले ग्राम स्पेनच्या मायॉर्का बेटावरील आल्कुदिया येथे तंबूंत वसले होते. पुढे झिल्बेर त्रिगानो (१९२०–२००१) याने तिचा विस्तार केला. या ग्रामांत मद्य व इतर पेये मण्यांच्या मोबदल्यात मिळत आणि मणी स्वतंत्रपणे विकत घ्यावे लागत. म्हणजे सारा खर्च समाविष्ट नव्हता.

पेयांसह सर्व काही एका किमतीत देण्याची पद्धत जमेकात दृढ झाली. जॉन इसा याने १९७८ मध्ये ओचो रिओस येथे जोडप्यांसाठी, तर गॉर्डन स्ट्यूअर्ट (१९४१–२०२१) याने १९८१ मध्ये माँटेगो बे येथे विश्रामधाम (रिसॉर्ट) सुरू केले. पुढे कुटुंबांसाठीही अशी धामे निघाली. मात्र आवाराच्या आत सर्व मिळू लागल्यावर प्रवाशाला बाहेर पडण्याचे कारण उरत नाही आणि बाहेरील उपाहारगृहे, भाड्याच्या मोटारी, वाटाडे व हस्तव्यावसायिक यांची प्राप्ती घटते. या तक्रारींवरून पश्चिम आफ्रिकेतील गँबियाने १९९९ मध्ये सर्वसमावेशक सहलींवर बंदी घातली. परंतु प्रवासी अन्यत्र वळण्याची शक्यता दिसताच ती सु. वर्षभरात मागे घ्यावी लागली.

निश्चिती व अनिश्चिती : सर्वसमावेशक सुटीत ग्राहक निश्चिती विकत घेतो. क्रीडाप्रवासाचे आकर्षण मात्र निकालाच्या अनिश्चितीत असते आणि त्यामुळे आयोजन धोक्याचे होते. कॅरिबियन बेटांवर झालेली २००७ ची क्रिकेट विश्वचषक स्पर्धा हे त्याचे बोलके उदाहरण आहे. दुसऱ्या फेरीत १५ एप्रिल रोजी बार्बेडोस येथे भारत-पाकिस्तान सामना होईल, या अंदाजाने आखणी झाली होती. १७ मार्च रोजी भारत बांगला देशाकडून आणि पाकिस्तान आयर्लंडकडून पराभूत झाला. दोन्ही संघ पहिल्याच फेरीत बाद झाले. ठरल्या दिवशी आयर्लंड व बांगला देश यांचा सामना झाला. परदेशस्थ भारतीयांसह अनेकांनी सहली रद्द केल्या. तिकिटांचे चढे दर आणि वाद्ये नेण्यावरील निर्बंध यांमुळे स्थानिक प्रेक्षकही दुरावले होते. पाहुण्यांसाठी आखलेल्या उत्सवात यजमानांना परके वाटावे, ही विश्रामधामांबाबतची तक्रार येथे मैदानावरही उमटली.

भारत : कारखाने अधिनियम, १९४८ अन्वये वर्षात किमान २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगारास दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजेचा हक्क मिळाला. केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी रजा प्रवास सवलत १९५६ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात एका किमतीत सर्व, हे तत्त्व विश्रामधामापेक्षा समूहसहलीच्या रूपाने अधिक रुजले. केसरी पाटील यांनी १९८४ मध्ये मुंबईत स्थापन केलेली संस्था व तत्सम इतर संस्था यांनी परिचित जेवण, मराठी बोलणारा सहलप्रमुख व आगाऊ ठरलेली रक्कम यांच्या आधारे मध्यमवर्गीय कुटुंबांचा दूरच्या प्रवासाविषयीचा संकोच कमी केला.

या दीर्घ वाटचालीत एकच किंमत आकारण्याच्या पद्धतीने सामान्य कुटुंबास प्रवासाचे दार उघडले; पण त्याच पद्धतीने प्रवासी व स्थानिक लोक यांच्यामध्ये भिंतही उभी केली. सुटी ही केवळ चैनीची वस्तू नसून श्रमाच्या मोबदल्याचा भाग आहे, ही विसाव्या शतकाने मिळविलेली जाणीव होय. पाहुण्याची विश्रांती हाच ज्यांचा रोजगार असतो, त्या यजमान प्रदेशातील लोकांपर्यंत या व्यवसायाचा लाभ कितपत पोहोचतो, यावर त्याचे सामाजिक मूल्य अवलंबून राहते.