अमेरिकेतील मांसउद्योगाची परकीय मालकी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मोठ्या मांसप्रक्रिया कंपन्या परकीय भांडवलाच्या ताब्यात जाणे हा तेथील ग्राहक, पशुपालक व लोकप्रतिनिधी यांच्यात, विशेषतः इ.स. २००७ नंतर, वादाचा विषय ठरला आहे. परक्या मालकामुळे मांस महाग होईल काय, आणि आपण विकत घेतो त्या मांसाचा मालक कोण हे ग्राहकाला कळते काय, असे दोन प्रश्न या वादात एकमेकांत मिसळलेले आढळतात. ते वेगळे करून पाहणे आवश्यक आहे.

प्रमुख व्यवहार

इ.स. २००७ मध्ये ब्राझीलच्या जेबीएस कंपनीने स्विफ्ट अँड कंपनी ही जुनी अमेरिकन कंपनी विकत घेतली. जेबीएस ही संस्थापक जोझे बतिस्ता सोब्रिन्यू यांच्या नावाची आद्याक्षरे होत. इ.स. २००९ मध्ये पिलग्रिम्स प्राइड या कोंबडीच्या मांसाच्या कंपनीवरही जेबीएसने नियंत्रण मिळवले. इ.स. २०१८ मध्ये नॅशनल बीफ ही कंपनी ब्राझीलच्याच मार्फ्रिगकडे गेली.

सर्वाधिक गाजला तो स्मिथफील्ड फूड्सचा व्यवहार. व्हर्जिनिया राज्यातील स्मिथफील्ड या गावी इ.स. १९३६ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी जगातील सर्वांत मोठी वराहमांस उत्पादक समजली जात असे. चीनच्या श्वांगहुई समूहाने मे २०१३ मध्ये प्रतिसमभाग ३४ डॉलर दराने, म्हणजे सुमारे ४.७ अब्ज डॉलरना, ती घेण्याचे जाहीर केले. कर्ज धरून ही रक्कम ७.१ अब्ज डॉलर होते. श्वांगहुईच्या एका उपकंपनीच्या मांसात इ.स. २०११ मध्ये क्लेनब्युटेरॉल हे बंदी असलेले औषध आढळले होते. साहजिकच अमेरिकन ग्राहकांत धास्ती पसरली. १० जुलै २०१३ रोजी सिनेटच्या कृषी समितीपुढे सुनावणी झाली. मांस अमेरिकेतून चीनला जाईल, चीनमधून अमेरिकेत येणार नाही, असे स्मिथफील्डचे प्रमुख लॅरी पोप यांनी सांगितले. परकीय गुंतवणुकीची तपासणी करणाऱ्या सरकारी समितीने सप्टेंबरमध्ये संमती दिली व २६ सप्टेंबरला व्यवहार पूर्ण झाला. पुढे श्वांगहुईचे नाव डब्ल्यूएच ग्रुप असे झाले.

किमतींचा प्रश्न

इ.स. २०१४ मध्ये अमेरिकेत वराहमांस अतिशय महागले. व्यवहार नुकताच झाला असल्याने दोहोंचा संबंध जोडणे सोपे होते. परंतु इ.स. २०१३ मध्ये आलेल्या अतिसाराच्या विषाणुजन्य साथीत डुकरांची लाखो पिल्ले दगावली होती, आणि महागाईचे ठळक कारण तेच होते. गोमांसाचेही तसेच. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील गुरांची संख्या सुमारे ८ कोटी ६७ लाख, म्हणजे इ.स. १९५१ नंतरची सर्वांत कमी होती. दुष्काळाचा त्यात मोठा वाटा आहे.

तथापि ग्राहकांचा संशय अगदीच निराधार म्हणता येत नाही. मांसासाठी पोसलेल्या गुरांच्या कत्तलीपैकी सुमारे ८५ टक्के कत्तल टायसन, कारगिल, जेबीएस व नॅशनल बीफ या चार कंपन्या करतात. यांपैकी पहिल्या दोन पूर्णतः अमेरिकन आहेत, हे विसरून चालत नाही: मूळ दुखणे मालकाच्या राष्ट्रीयत्वापेक्षा स्पर्धेच्या अभावाचे आहे. सरकारने जेबीएसला नॅशनल बीफ घेण्यापासून रोखले (जेबीएसने इ.स. २००९ मध्ये तो बेत सोडला), तेही स्पर्धा घटेल म्हणूनच. कोंबडीच्या दरांत संगनमत केल्याबद्दल पिलग्रिम्स प्राइडने इ.स. २०२१ मध्ये गुन्हा कबूल केला व तिला सुमारे १०.८ कोटी डॉलर दंड झाला.

वेष्टनावरील माहिती

मांसाचा मूळ देश वेष्टनावर छापण्याची सक्ती गोमांस व वराहमांसाला इ.स. २००९ पासून लागू झाली. कॅनडा व मेक्सिको यांनी जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. संघटनेने त्यांना प्रतिशुल्काची मुभा देताच अमेरिकन काँग्रेसने डिसेंबर २०१५ मध्ये या दोन मांसांपुरती सक्ती रद्द केली. कोंबडी, मेंढी व बकरी यांच्या मांसासाठी ती टिकून आहे.

इ.स. २०२४ च्या नव्या नियमानुसार, ज्या जनावराचा जन्म, संगोपन, कत्तल व प्रक्रिया अमेरिकेतच झाली त्याच्याच मांसावर 'अमेरिकन उत्पादन' असे छापता येते. हा उल्लेख ऐच्छिक असून नियमाचे पालन १ जानेवारी २०२६ पासून बंधनकारक आहे. मालकीचा त्यात कोठेही उल्लेख नाही. स्विफ्ट, पिलग्रिम्स व स्मिथफील्ड ही जुनी नावे नव्या मालकांनी तशीच ठेवली असल्याने, वेष्टन वाचून मालकाचा देश ओळखणे ग्राहकाला आजही शक्य नाही.