ॲस्टनची पोरे आणि लोखंडाचे गाणे



ज्या व्यासपीठावरून विद्वान मंडळी वेदान्तापासून अर्थशास्त्रापर्यंत बोलतात, तेथे युनियनच्या एका कार्यकर्त्याने विलायती रॉक गायकाविषयी बोलावे, हे काहीसे विचित्र दिसेल. त्या संगीतातले मला फारसे कळते, असा माझा दावा नाही. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढचे जे काही शिकलो ते कारखान्याच्या गेटवर आणि सार्वजनिक वाचनालयात. परंतु आजचा विषय जितका गाण्याचा आहे तितकाच तो बोटांचा, प्रेसमशीनचा आणि आठवड्याच्या पगाराचाही आहे. आणि या गोष्टींत माझी तीस वर्षे गेली आहेत.

३० जुलै २०२५ रोजी इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरात ब्रॉड स्ट्रीटवरून एक अंत्ययात्रा गेली. पुढे पितळी वाद्यांचा ताफा, मागे गाड्या, दोन्ही बाजूंना हजारो माणसे. ऑझी ऑस्बोर्न हा गायक २२ जुलै रोजी वयाच्या ७६ व्या वर्षी वारला होता. कालव्यावरच्या ज्या पुलाला त्याच्या वाद्यवृंदाचे, म्हणजे ब्लॅक सॅबथचे, नाव दिलेले आहे, तेथे फुलांचा खच पडला होता. जमलेल्या गर्दीत असे असंख्य लोक होते की, ज्यांचा जन्म या गायकाने ते शहर सोडल्यानंतर कितीतरी वर्षांनी झाला. तरी ती माणसे ॲस्टनची, लॉज रोडवरच्या त्या लहानशा घराची आठवण काढीत होती. स्वतः न पाहिलेल्या दिवसांची आठवण माणूस काढतो, तेव्हा तो काय ठेवतो आणि काय टाकतो, हे पाहण्यासारखे असते. शिवजयंतीच्या मिरवणुका पाहत वाढलेल्या आपल्या लोकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

जॉन मायकेल ऑस्बोर्न ३ डिसेंबर १९४८ रोजी जन्मला. सहा भावंडांतला चौथा. बाप जॅक हा जीईसी कंपनीत टूलमेकर, रात्रपाळी करणारा. आई लुकास कंपनीच्या कारखान्यात, जेथे मोटारीचे विजेचे भाग बनत. युद्धातल्या बाँबहल्ल्यांनी पडलेली घरे अजून आजूबाजूला होती आणि ढिगाऱ्यांवर पोरे खेळत. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. मग कामे: प्लंबरच्या हाताखाली, टूलमेकरच्या हाताखाली, लुकासमध्ये मोटारीचे भोंगे तपासण्याचे, कत्तलखान्यात जनावरे कापण्याचे. भोंगे तपासण्याच्या कामाची कल्पना करून पाहा. दिवसभर एका खोलीत बसायचे, एकेक भोंगा जोडायचा, वाजवायचा, सूर जुळवायचा आणि पुढचा घ्यायचा. तेथे कित्येक वर्षे घालविलेल्या एका सहकाऱ्याला निवृत्तीच्या वेळी सोन्याचे घड्याळ मिळणार होते. घड्याळच हवे तर दुकानाची काच फोडून घेऊ, असा हिशेब या पोराने केला, असे त्याने पुढे आत्मचरित्रात सांगितले आहे. काच नव्हे, पण घरफोडी त्याने खरोखरच केली. दंड भरायला बापाने नकार दिला आणि पोरगा विन्सन ग्रीनच्या तुरुंगात काही आठवडे राहून आला. त्याच बापाने नंतर कर्ज काढून त्याला ध्वनिवर्धक घेऊन दिला. एका टूलमेकरच्या पगारात या दोन्ही गोष्टी कशा बसल्या असतील, याचा विचार मला त्याच्या पुढच्या साऱ्या कीर्तीपेक्षा अधिक वेळ थांबवितो.

ध्वनिवर्धक स्वतःचा आहे, एवढ्या भांडवलावर त्याने वाद्यांच्या दुकानात जाहिरात लावली. ती वाचून दारात जे दोघे उभे राहिले, त्यांपैकी टोनी आयोमी हा त्याच्याच शाळेतला, आणि शाळेत त्याला धाक दाखविणारा. दुसरा बिल वॉर्ड, ढोल वाजविणारा. चौथा गीझर बटलर. चौघेही ॲस्टनच्या परिसरातले. हे १९६८ साल.

आता या आयोमीची गोष्ट सांगतो, कारण चाहत्यांच्या आठवणीत सर्वांत मानाचे स्थान तिलाच आहे, आणि माझे भांडणही तिच्याशीच आहे.

१९६५ साली तो सतरा वर्षांचा होता आणि पत्र्याच्या एका कारखान्यात वेल्डिंग करीत होता. गिटार वाजवून पोट भरण्याची संधी आली म्हणून त्याने नोकरी सोडली. कामाचा तो शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आल्यावर परत जाऊच नये असे त्याच्या मनात होते. घेतलेले काम पुरे करावे, म्हणून आईने त्याला परत पाठविले. त्या दिवशी प्रेस चालविणारी व्यक्ती आलेली नव्हती. म्हणून याला प्रेसवर उभे केले. प्रेस खाली आला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. तो डावरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता.

पुढे कारखान्याच्या एका अधिकाऱ्याने त्याला जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची तबकडी ऐकविली. १९२८ साली राहत्या गाडीला लागलेल्या आगीत जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती, तरी तो उरलेल्या बोटांनी वाजवीत होता. आयोमीने भांडी घासण्याच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे घडविली आणि त्यांवर चामडे चिकटविले. नेहमीच्या जाड तारा दाबवेनात म्हणून बँजोच्या बारीक तारा लावल्या. पुढे तारा सैल करून सूरच खाली आणला. त्या खालच्या, जड सुरातून हेवी मेटल नावाच्या संगीतप्रकाराला त्याचा आवाज मिळाला, असे सांगतात. वाजविणाऱ्याची कर्तबगारी यात उघड आहे. तिच्याविषयी मला आदर आहे. बाटलीची टोपणे करणारा हा खरा कारागीर.

पण ही गोष्ट सांगताना चाहत्यांचा सूर असा लागतो की, जणू त्या प्रेसनेच हे संगीत जन्माला घातले. अपघात झाला हे एका अर्थी बरेच झाले! येथे मला हरकत घ्यावीशी वाटते. ज्याला मशीन शिकविलेले नाही अशा माणसाला, नेहमीचा कामगार गैरहजर आहे एवढ्या कारणासाठी प्रेसवर उभे करणे, हा अपघात नव्हे, ती कामाची पद्धत आहे. आमच्या भोसरी-चाकणच्या पट्ट्यात ती मी पाहिलेली आहे. ऑपरेटर आला नाही की कंत्राटी हेल्परला पुढे करतात; उत्पादनाचा आकडा गाठायचा म्हणून संरक्षक जाळी बांधून ठेवतात. यंत्राचा धोक्याचा भाग झाकलेला असावा, असे आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याचे कलम २१ सांगत आले होते. ब्रिटनमध्ये पॉवर प्रेसच्या तपासणीसाठी स्वतंत्र नियम निघाले ते १९६५ सालीच, म्हणजे आयोमीची बोटे गेली त्याच साली. बोटे गमावलेली पोरे मी इस्पितळात पाहिली आहेत. त्यांतल्या एकालाही कोणी तबकडी आणून ऐकविली नाही. एका आयोमीमागे अशी किती माणसे गावी परत गेली, हे कोणत्याही गाण्याच्या इतिहासात सापडावयाचे नाही.

तथापि चाहत्यांच्या आठवणीत जे खरे आहे तेही सांगितले पाहिजे. घणांच्या कारखान्यांचा ठोका रात्री अंथरुणात ऐकू येई आणि आपण त्यावर ताल धरीत असू, असे बिल वॉर्डने सांगितले आहे. हे मला पटते. गिरणगावच्या चाळीत राहिलेल्या माणसाला भोंगा आणि साच्यांचा खडखडाट अंगात भिनलेला ठाऊक आहे. अमर शेख, अण्णा भाऊ साठे यांच्या डफावरची थाप त्याच हवेत घुमली. फरक इतकाच की, आमच्या शाहिरांच्या पाठीशी संघटना होती, ॲस्टनच्या पोरांच्या पाठीशी कोणी नव्हते. म्हणून त्यांच्या आवाजात लढ्यापेक्षा घुसमट अधिक आहे. तरी युद्ध पेटवून स्वतः दूर राहणाऱ्या सेनापतींवर त्यांनी १९७० साली 'वॉर पिग्ज' रचले, हे विसरता येत नाही. पहिली तबकडी त्यांनी १९६९ च्या ऑक्टोबरात लंडनमध्ये एका दिवसात ध्वनिमुद्रित केली. १३ फेब्रुवारी १९७० रोजी ती निघाली तेव्हा समीक्षकांनी नाके मुरडली. लोकांनी ती विकत घेऊन ब्रिटनमधील यादीत आठव्या क्रमांकावर नेली.

शहराने मात्र त्यांना ओळखायला बराच वेळ घेतला. कालव्यावरच्या पुलावर चौघांच्या चेहऱ्यांचे बाक आले ते २०१९ मध्ये. त्याच वर्षी नगरसंग्रहालयात ब्लॅक सॅबथवर प्रदर्शन भरले, आणि चाहत्यांनी घरोघरी जपून ठेवलेली तिकिटे, जाकिटे आणि छायाचित्रे इतिहासाचे साहित्य ठरली. २८ जून २०२५ रोजी चौघांना शहराचा बहुमान मिळाला. ५ जुलैला व्हिला पार्कच्या मैदानावर, म्हणजे ऑझीच्या बालपणीच्या घरापासून अगदी जवळ, चौघे वीस वर्षांनी पुन्हा एकत्र वाजले. कंपवाताने जखडलेला ऑझी सिंहासनावर बसून गायला. संग्रहालयात त्या वेळी त्याच्यावर जे प्रदर्शन चालू होते, त्याच्या नावात त्याला कामगारवर्गाचा वीर म्हटले होते. मानाची पदवी द्यायला हरकत नाही. पण त्या वर्गातले दुसरे कोण आठवते, हे विचारल्यावाचून मला राहवत नाही.

आयोमीची बोटे गेली त्याच १९६५ सालच्या फेब्रुवारीत, ॲस्टनपासून काही मैलांवरच्या स्मेदिक गावी मार्शल स्ट्रीटवर माल्कम एक्स येऊन गेला. काळ्या आणि हिंदी लोकांना त्या रस्त्यावरची घरे मिळू नयेत, असा प्रयत्न चालला होता. माल्कमला बोलाविण्यात भारतीय कामगार संघाचे अवतार सिंग जौहल यांचा पुढाकार होता. ते स्वतः फाउंड्रीत काम करीत. ज्या लोखंडाचे संगीत झाले म्हणतात, ते ओतणाऱ्या हातांत पंजाबी हात पुष्कळ होते. त्या मिरवणुकीच्या आठवणीत ते मला दिसले नाहीत.

आणखी एक गोष्ट आहे, ती या दोन्हींच्या मधली. बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीट रेल्वे स्थानकात दहा मीटर उंचीचा एक यांत्रिक बैल उभा आहे. तो २०२२ च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेच्या उद्घाटनासाठी बनविला होता. २०२३ मध्ये तो स्थानकात आला, तेव्हा लोकांची मते घेऊन त्याचे नाव ऑझी ठेवले. लोक त्याच्याशेजारी उभे राहून छायाचित्रे काढतात. हा बैल उद्घाटनाच्या मैदानात आला होता तो साखळ्या घडविणाऱ्या बायकांनी ओढीत आणलेला. त्या बायका म्हणजे जवळच्याच क्रॅडली हीथ गावच्या. घरामागच्या लहान भट्टीवर, पोर शेजारी ठेवून, त्या लोखंडी कड्या ठोकीत. १९१० साली कायद्याने त्यांना तासाला अडीच पेन्स हे किमान वेतन ठरले. मालकांनी, आम्हाला ते नको, असे लिहिलेल्या कागदांवर त्यांच्या सह्या घेतल्या. कित्येकींना तो कागद वाचता येत नव्हता. मेरी मॅकआर्थर या संघटक बाईंच्या नेतृत्वाखाली त्या दहा आठवडे संपावर राहिल्या आणि तो दर त्यांनी मिळविला. संपनिधीला देशभरातून इतके पैसे आले की संप संपल्यावरही पुष्कळ उरले. त्या शिलकीतून १९१२ साली गावात कामगारांसाठी वाचन-सभेची इमारत उभी राहिली. पुढे ती वीट न वीट सोडवून डडलीच्या संग्रहालयात नेऊन पुन्हा बांधली. न्यू स्ट्रीट स्थानकापासून ती फार लांब नाही.